विश्लेषण : घरच्या सुतारकामासाठी परवडणारा थिकनेस प्लॅनर कसा निवडावा?

सुट्टीच्या दिवशी गच्चीवर, गॅरेजमध्ये किंवा घरामागच्या पडवीत टेबल, शेल्फ, देव्हारा बनवणाऱ्या हौशी मंडळींच्या खरेदीच्या यादीत ड्रिल, जिगसॉ आणि टेबल सॉ यांच्यानंतर येणारे मशीन म्हणजे थिकनेस प्लॅनर. टेबलावर बसणारी, दोघांनी सहज उचलता येणारी ही मशीन्स आता ऑनलाइनही मिळतात. मात्र घरगुती अवजारांमधली ही महागडी खरेदी. एवढे पैसे घालूनही ‘फळी वाकडी ती वाकडीच राहिली’ असा अनुभव अनेकांना येतो. हे मशीन नेमके काय करते, काय करत नाही, स्वस्तातले मशीन घेताना कोणते आकडे पाहायचे आणि त्याची गरज कोणाला नाही, याचा हा आढावा.

थिकनेस प्लॅनर म्हणजे काय?

बाजारात ‘प्लॅनर’ या एकाच नावाने तीन वेगळी यंत्रे विकली जातात. पहिले हातात धरून चालवायचे. सुतार त्याला इलेक्ट्रिक रंधा म्हणतात. त्याची रुंदी साधारण ८२ मिमी असते. दाराची कड घासायला ते उत्तम, पण रुंद फळीची जाडी सगळीकडे सारखी करण्याची हमी ते देत नाही. दुसरे सर्फेस प्लॅनर. लांब सपाट टेबल आणि मधोमध फिरणारी पाती, अशी त्याची रचना. फळीची एक बाजू सपाट करणे आणि कड काटकोनात आणणे हे त्याचे काम.

तिसरे म्हणजे थिकनेस प्लॅनर. यात खाली सपाट टेबल आणि वर पाती बसवलेला फिरता दंड, म्हणजे कटरहेड असतो. रबरी रोलर फळी आत ओढतात आणि पाती वरची बाजू तासतात. टेबल आणि पाती यांच्यात जेवढे अंतर ठेवाल, तेवढ्याच जाडीची फळी बाहेर येते. सहा फळ्या एकाच मापावर घातल्या, तर सहाही एकाच जाडीच्या मिळतात. हाताच्या रंध्याने यासाठी कौशल्य आणि बराच वेळ लागतो. या मशीनचे खरे मोल याच कामात आहे.

मग वाकडी फळी सरळ होते का?

नाही. बहुतेकांची निराशा इथेच होते. हे मशीन खालच्या बाजूला समांतर अशी वरची बाजू तयार करते. खालची बाजू वाकडी असेल तर वरचीही तशीच वाकडी होते. धनुष्यासारखा बाक आलेली किंवा पीळ पडलेली फळी रोलरच्या दाबाखाली क्षणभर टेबलाला टेकते, पाती तिला तासतात आणि दाब सुटला की ती पुन्हा मूळ आकारात येते. ती गुळगुळीत होते, जाडीही सारखी होते, पण बाक कायम राहतो.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी एक बाजू सपाट करायची, मग ती खाली ठेवून दुसरी बाजू प्लॅनरमधून काढायची. पहिल्या टप्प्यासाठी सर्फेस प्लॅनर हवा. तो नसेल तर घरच्या घरी एक सोपा उपाय आहे. १८ मिमीच्या सरळ प्लायवूडची किंवा एमडीएफची एक पट्टी फळीच्या लांबी-रुंदीची कापायची आणि पुढच्या टोकाला ठेपा म्हणून बारीक पट्टी ठोकायची. ठेप्याचा खिळा किंवा स्क्रू पात्यांच्या वाटेत येणार नाही, हे पाहायचे. या पाटावर वाकडी फळी ठेवून ती जिथे डुगडुगते तिथे खाली पातळ पाचरी सरकवायच्या आणि ग्लू गनने चिकटवायच्या. मग पाटासह फळी मशीनमधून काढायची. वरची बाजू पूर्ण सपाट झाली की पाट काढून टाकायचा, फळी उलटायची आणि नेहमीप्रमाणे जाडी काढायची. पाट चांगला असेल तर घरगुती कामासाठी सर्फेस प्लॅनरचा खर्च वाचू शकतो. फळीची कड काटकोनात आणण्यासाठी मात्र हातरंधा आणि गुण्या लागतोच.

लाकूड किती वाया जाते?

सुतार अजूनही सुताच्या मापात बोलतात. एक इंच म्हणजे आठ सूत, आणि एक सूत म्हणजे सव्वातीन मिमीच्या किंचित आत. वखारीतून आणलेली एक इंची फळी दोन्ही बाजूंनी साफ केली की बऱ्याचदा सहा सुतांवर येते. म्हणजे पैसे दिलेल्या लाकडाचा चौथा हिस्सा ढलप्यांच्या रूपात जातो. सहा फूट लांब आणि एक फूट रुंद अशा दहा फळ्या असतील, तर सव्वा घनफूट लाकूड संपते. ही फळी सागवानाची असेल तर हा खर्च दुर्लक्ष करण्याजोगा नाही. त्यामुळे वखारीतच सरळ फळी निवडणे ही सर्वांत मोठी बचत. फळी डोळ्यासमोर धरून कडेने लांबवर पाहिले की बाक आणि पीळ लगेच कळतो.

लाकूड ओले असेल तर सगळी मेहनत फुकट जाते. आज सपाट केलेली फळी सुकताना पुन्हा वाकते. फर्निचरसाठी साधारण १२ टक्क्यांच्या आसपास ओलावा योग्य मानतात. किनारपट्टीच्या दमट हवेत तो थोडा जास्त राहतो. छोटे मॉइश्चर मीटर हाताशी असेल तर वखारीतच तपासता येते. शिवाय सगळी जाडी एकाच बाजूने उतरवू नये. दोन्ही बाजूंनी सारखी उतरवली की आतला ताण समतोल राहतो आणि फळीला पन्हळीसारखा बाक येण्याची शक्यता कमी होते.

मशीन घ्यावे की काम बाहेरून करून घ्यावे?

आधी वापराचा अंदाज घ्यायला हवा. समजा, वर सांगितलेल्या सहा फुटी दहा फळ्यांमधून प्रत्येकी दोन सूत जाडी उतरवायची आहे. दर फेरीला एक मिमी काढला तर सात फेऱ्या लागतात. मिनिटाला साडेआठ मीटर वेगाने फळी ओढणाऱ्या मशीनमध्ये एक फेरी १३ सेकंदांची. म्हणजे दहाही फळ्यांचे प्रत्यक्ष कापण्याचे काम सुमारे १५ मिनिटांचे. १,६५० वॉटचे मशीन तेवढ्या वेळात अर्धा युनिट वीजही खात नाही. वर्षाला दोन-तीन वस्तू बनवणाऱ्याचे मशीन वर्षभरात जेमतेम तासभर चालते.

दुसरीकडे, पुण्यातील भवानी पेठेच्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी आणि अनेक गावांतील वखारींच्या आसपास रंधा मशीनवर फळ्या साफ करून देणारे असतात. कुठे रनिंग फुटाने, कुठे तासाने पैसे घेतात. उदाहरणादाखल हिशेब असा मांडता येईल. मशीन, जादा पाती आणि भुसा ओढणारे यंत्र मिळून ६० हजार रुपये लागणार असतील आणि एका खेपेचे काम व टेम्पोभाडे मिळून दीड हजार रुपये होत असतील, तर ४० खेपांनंतर मशीनचा खर्च वसूल होतो. वर्षाला चार खेपा म्हणजे दहा वर्षे. आपल्या गावातील दर टाकून हाच भागाकार प्रत्येकाने करून पाहावा.

मात्र पैशांपलीकडचीही काही कारणे आहेत. वेगवेगळ्या जाडीच्या छोट्या पेट्या, वाद्ये, खेळणी बनवणाऱ्यांना दर वेळी वखार गाठणे शक्य नसते. पाच-सहा मिमीच्या पातळ पट्ट्या बाहेर कोणी सहसा नीट करून देत नाही. जुन्या दारा-खिडक्यांचे किंवा पॅकिंगच्या पेट्यांचे लाकूड वापरणाऱ्यांना खिळ्यांच्या भीतीने रंधा मशीनवाले दारातूनच परत पाठवू शकतात. अशांसाठी स्वतःचे मशीन उपयोगी ठरते.

कोणते आकडे पाहायचे?

रुंदी : घरगुती मशीन्समध्ये १२ ते १३ इंच रुंदी प्रचलित आहे. मकिताच्या २०१२ एनबी या मॉडेलमध्ये ३०४ मिमी रुंद आणि १५५ मिमी जाड लाकूड जाते. डीवॉल्टच्या डीडब्ल्यू ७३४ ची रुंदी साडेबारा इंच, तर डीडब्ल्यू ७३५ ची १३ इंच. टेबलाचा माथा फळ्या जोडूनच बनतो, त्यामुळे बहुतेकांना १२ इंच पुरतात.

एका फेरीतील खोली : जाहिरातीत ‘३ मिमी’ लिहिलेले असते, पण ती मर्यादा अरुंद फळीसाठी असते. फळी जितकी रुंद तितकी खोली कमी ठेवावी लागते. पूर्ण रुंदीच्या कठीण लाकडाला एक मिमीच्या आतच राहणे बरे.

दर मिमीला किती घाव : गुळगुळीतपणा ठरवणारा हा आकडा पत्रकात क्वचितच ठळक असतो, पण तो घरी काढता येतो. कटरहेडचे मिनिटाला फेरे गुणिले पात्यांची संख्या, भागिले फळी सरकण्याचा मिनिटाचा वेग मिमीमध्ये. मकिता २०१२ एनबीमध्ये ८,५०० फेरे आणि दोन पाती म्हणजे मिनिटाला १७ हजार घाव. फळी तेवढ्या वेळात ८,५०० मिमी सरकते. म्हणजे मिमीला दोन घाव. डीडब्ल्यू ७३४ मध्ये १० हजार फेरे, तीन पाती आणि मिनिटाला २६ फूट वेग, त्यामुळे मिमीला पावणेचारच्या आसपास घाव पडतात. डीडब्ल्यू ७३५ ला दोन वेग आहेत. त्यातल्या संथ वेगात हा आकडा सातपर्यंत जातो. घाव जास्त म्हणजे पॉलिश पेपरचे काम कमी. पण वस्तूला शेवटी पॉलिश पेपर मारायचाच असतो, हे लक्षात घेतले तर मिमीला दोन घावही घरकामाला चालतात. केवळ या आकड्यासाठी बजेट ताणण्याची गरज नाही.

मोटर : टेबलावरच्या हलक्या मशीन्समध्ये मिक्सरसारखी कार्बन ब्रश असलेली मोटर असते. ती वजनाला हलकी आणि ताकदीला चांगली, पण आवाज मोठा. देशी बनावटीच्या बीडाच्या मशीनमध्ये इंडक्शन मोटर आणि पट्टा असतो. ते कमी ओरडते, दीर्घकाळ चालते, पण जड असते आणि काही मॉडेलना थ्री-फेज वीज लागते. ‘३ एचपी’ असा शिक्का पाहून भुलू नये. तीन एचपी म्हणजे २,२०० वॉटहून अधिक. नेमप्लेटवरचे वॉट त्याच्याशी जुळतात का, हे पाहावे.

पाती महत्त्वाची का?

मशीन एकदा घेतले जाते, पाती पुन्हा पुन्हा. सागवानाच्या लाकडात नैसर्गिकरीत्या सिलिका असते. त्यामुळे पात्यांची धार पाइन किंवा आंब्याच्या तुलनेत लवकर जाते. प्लायवूड आणि एमडीएफमधला गोंद तर धार आणखी लवकर घालवतो, म्हणून ते या मशीनमधून काढूच नये.

काही मशीन्सची पाती दोन्ही कडांना धार असलेली असतात. एक कड बोथट झाली की उलटायची, दुसरी गेली की टाकून द्यायची. काहींची जाड पाती पुन्हा धार लावून वापरता येतात. तिसरा प्रकार स्पायरल कटरहेडचा. त्यात कार्बाइडचे छोटे चौकोनी तुकडे असतात. एक कड खराब झाली की तो तुकडा फिरवायचा. आवाज कमी येतो, गाठी आणि उलट्या रेषेचे लाकूड कमी उचकटते, पण किंमत बरीच वाढते.

म्हणून मशीनची किंमत विचारण्याआधी दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत. पात्यांचा जोड केवढ्याला? तो शहरात मिळतो की मागवावा लागतो? रोलर, पट्टा आणि कार्बन ब्रश सुटे मिळतात का? ऑनलाइन दिसणाऱ्या अनोळखी नावाच्या मशीनबाबत या प्रश्नांची उत्तरे नसतील, तर सुरुवातीला वाचलेले पाच-दहा हजार रुपये पहिल्या बिघाडालाच बुडू शकतात.

टोकाला खाच का पडते?

फळीच्या पहिल्या आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत थोडे जास्त लाकूड कापले जाते. याला स्नाइप म्हणतात. सुरुवातीला आणि शेवटी फळी एकाच रोलरच्या पकडीत असते. तेव्हा तिचे टोक उचलले गेले की पाती खोल जातात. ज्या मशीनमध्ये कटरहेड जागेवर घट्ट करण्याची सोय आहे आणि पुढे-मागे लांब टेबल आहे, तिथे हा त्रास कमी होतो. लांब फळी आत जाताना आणि बाहेर येताना हाताने किंचित उचलून धरणे, फळ्या एकापाठोपाठ एक टोकाला टोक लावून घालणे आणि मापापेक्षा पाच-सहा इंच लांब फळी घेऊन शेवटी टोके कापणे, हे उपाय कोणत्याही मशीनवर चालतात. मशीन महाग असले तरी स्नाइप पूर्ण जाईलच असे नाही.

घरातल्या प्लगवर चालेल का?

१,६५० वॉटचे मशीन २३० व्होल्टवर सात अँपिअरहून जास्त वीज ओढते. घरातला साधा छोटा सॉकेट सहा अँपिअरचा असतो. त्यामुळे गिझर-एसीसाठी असतो तसा १६ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग हवे. एक्स्टेन्शन वापरायचे असेल तर २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर घ्यावी, आणि ती गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडून वापरावी.

अमेरिकेतील नातेवाइकांकडून मशीन मागवण्याचा विचार अनेक जण करतात. तिथल्या मशीनवर १५ अँपिअर लिहिलेले असते, पण ते १२० व्होल्टला. म्हणजे १,८०० वॉट. ते आपल्याकडच्या २३० व्होल्टवर थेट लावले तर जळेल. किमान तीन केव्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. डीडब्ल्यू ७३४ चे वजन ३६ किलो, तर डीडब्ल्यू ७३५ चे सुमारे ४२ किलो. विमानाच्या २३ किलोंच्या बॅगेत ते बसणार नाही. हा सगळा खर्च धरला तर स्वस्ताईचे गणित बिघडते.

भुसा आणि आवाजाचे काय?

हे मशीन काही मिनिटांत पोते भरेल इतक्या ढलप्या उडवते. त्यासोबत दिसणार नाही अशी बारीक धूळही असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात केला आहे. त्यामुळे एन-९५ मास्क आणि भुसा ओढणारे यंत्र या खर्चाला मशीनच्या किमतीतच धरावे. घरगुती व्हॅक्यूम क्लिनरची नळी ढलप्यांनी लगेच तुंबते. रुंद नळीचा डस्ट कलेक्टर किंवा मशीनमध्येच पंखा असलेले मॉडेल जास्त उपयोगी.

ब्रश मोटरच्या मशीनचा आवाज कापताना ९० ते १०० डेसिबलच्या घरात जाऊ शकतो. अमेरिकेतील एनआयओएसएच या कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर तीन डेसिबलमागे वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. वर दहा फळ्यांना लागलेला वेळ तेवढाच होता. कानाला इअरमफ हवेच. शेजाऱ्यांचाही विचार हवा. देशातील २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. फ्लॅटच्या बाल्कनीत हे मशीन चालवणे त्यामुळे व्यवहार्य नाही. स्वतंत्र घर, शेड किंवा शेतावरची खोली असेल तरच खरेदीचा विचार करावा.

वापरताना कोणती काळजी घ्यावी?

जुन्या लाकडातील प्रत्येक खिळा काढल्याशिवाय आणि लोहचुंबक फिरवल्याशिवाय फळी आत घालू नये. एका खिळ्याने पात्यांचा पूर्ण जोड खराब होतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान लांबीपेक्षा छोटा तुकडा घालू नये. तो दोन्ही रोलरच्या मध्ये अडकून उडू शकतो. फळीच्या अगदी सरळ रेषेत मागे उभे राहू नये. आत हात घालण्याआधी आणि पाती बदलण्याआधी प्लग काढावा.

जुने मशीन घेताना काय तपासावे?

सारख्याच जाडीच्या दोन पट्ट्या घ्या. मशीनचे माप न हलवता एक डाव्या कडेने आणि दुसरी उजव्या कडेने काढा. बाहेर आल्यावर व्हर्नियरने मोजा. जाडीत फरक आला तर कटरहेड आणि टेबल समांतर नाहीत. पट्टीवर लांबलचक उभी रेघ उमटली तर पात्याला खाच आहे. पाती बदलून ती जाते, म्हणून तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. रोलरचे रबर गुळगुळीत किंवा तडकलेले असेल आणि सुटे रोलर मिळत नसतील, तर तो व्यवहार सोडून द्या.

थोडक्यात, कोणी काय करावे?

वर्षाला एक-दोन वस्तू बनवणाऱ्यांनी वखारीजवळच्या रंधा मशीनवर काम करून घ्यावे आणि वाचलेल्या पैशांत चांगला हातरंधा व सुकलेले लाकूड घ्यावे. दर महिन्याला काम करणाऱ्यांनी आणि स्वतंत्र जागा असलेल्यांनी १२ इंची, २३० व्होल्टचे, पाती आणि सुटे भाग शहरात मिळणारे साधे दोन पात्यांचे मशीन घ्यावे आणि सोबत प्लायवूडचा पाट बनवावा. विकण्यासाठी नियमित काम करणाऱ्यांनी तीन पात्यांच्या किंवा बीडाच्या जड मशीनचा विचार करावा. यापैकी काहीही ठरवण्याआधी आपल्या पुढच्या कामाच्या दोन फळ्या एकदा बाहेरून साफ करून आणाव्यात. त्या एका खेपेत दर, वेळ आणि मशीनची खरी गरज, तिन्ही कळतात.